पर्यटनमंत्री बदलतात, कोकण किनाऱ्याची फाइल कोण सांभाळतं?

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावातून हे पत्र लिहीत आहे. आमच्या घरातल्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यांना जेवू घालतो. भाऊबंदांपैकी काहीजण होडीवर आहेत, काहीजण अजून रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जातात. तुमच्या खात्यात काही हललं की ते आमच्या चुलीपर्यंत पोचतं, आणि अडलं की तेही पोचतं.

पत्र खुलं लिहिण्याचं कारण आधी सांगतो. किनाऱ्यावरच्या लोकांनी आजवर पर्यटनमंत्र्यांना कितीतरी निवेदनं दिली. ज्यांच्या हातात ती दिली, त्यांतले बहुतेक आज त्या खात्यात नाहीत. म्हणून हे पत्र कुणा एका व्यक्तीला नाही. पर्यटनमंत्री हे जे पद आहे, त्यावर आज जे आहेत त्यांना आणि उद्या जे येतील त्यांनाही ते आहे. तक्रार कुणा एका पक्षाविरुद्धही नाही. गेल्या काही वर्षांत शिवसेना, भाजप, राष्ट्रवादी या सगळ्यांनी हे खातं सांभाळलं आहे.

या पदाचा इतिहास मी जमेल तसा गोळा केला. तो इथे मांडतो, कारण आमच्या बऱ्याच अडचणींचं मूळ मला त्यात दिसतं.

सुरुवात चांगली होती. 1975 च्या जानेवारीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालं. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली इथली महामंडळाची निवासस्थानं म्हणजे कित्येक मुंबई-पुणेकरांची कोकणाशी झालेली पहिली ओळख. गावात उतरायला दुसरी जागाच नसायची, तेव्हा ती जागा सरकारने दिली, आणि ते पाहून आमच्यासारख्यांना पुढे आपल्या घराच्या खोल्या उघडायचं धाडस झालं. महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने त्या धाडसाला कागदावर नाव दिलं. हे ऋण मी विसरलेलो नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, 1997 साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्या दोन वर्षांत गावागावांत जी उमेद होती ती आजच्या मुलांना सांगूनही खरी वाटणार नाही. आता मुंबईला जावं लागणार नाही, असं लोक खरोखर बोलत होते.

आता मंत्रिपदाकडे वळतो. 1999 मध्ये छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्याकडे गृह आणि पर्यटन ही दोन्ही खाती होती. पुढे 2009 ते 2014 या काळात त्यांच्याचकडे सार्वजनिक बांधकाम आणि पर्यटन होतं. 2016 च्या जुलैत जयकुमार रावल आले, त्यांच्याकडे सुरुवातीला पर्यटनासोबत रोजगार हमी होती. 2019 च्या डिसेंबरअखेर आदित्य ठाकरे आले, पर्यावरण आणि पर्यटन घेऊन. 2022 च्या ऑगस्टमध्ये मंगलप्रभात लोढा आले. त्यांच्याकडे कौशल्य विकास आणि महिला-बालविकासही होतं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 2023 च्या जुलैत, पर्यटन त्यांच्याकडून गिरीश महाजनांकडे गेलं. महाजनांकडे ग्रामविकास आधीच होता. सोळाएक महिन्यांनी निवडणूक झाली, आणि 2024 च्या डिसेंबरात शंभूराज देसाई यांच्याकडे पर्यटन, खनिकर्म आणि माजी सैनिक कल्याण ही खाती आली.

रावल यांच्यापासून मोजलं तर साडेआठ वर्षांत पाच मंत्री. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतला त्यांत एकही नाही. 2019 ते 2022 या काळात श्रीवर्धनच्या आमदार आदिती तटकरे पर्यटन राज्यमंत्री होत्या, तेवढाच काय तो धागा. पण मंत्री कोकणातलाच हवा, असा माझा हट्ट नाही. जामनेरचा असो, पाटणचा असो, वरळीचा असो, त्याने किनारा नीट समजून घेतला आणि पुरेसा काळ टिकला तर आमचं काही म्हणणं नाही. सोबत दुसरं खातं असण्यालाही माझी सरसकट हरकत नाही. बांधकाम आणि पर्यटन एका हाती असेल तर रस्ता आणि धक्का एकाच टेबलावर ठरू शकतो. केरळमध्ये 2021 पासून तेच केलं गेलं: पी. ए. मोहम्मद रियास यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम आणि पर्यटन एकत्र देण्यात आलं, आणि ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच राहिलं. पर्यावरण आणि पर्यटन एकत्र असताना सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावरील निर्बंधांचा, विषय निदान एका दालनात बोलता यायचा. पण आपल्याकडे ही जोडी खात्याच्या गरजेवरून ठरलेली दिसत नाही. मोठी खाती वाटून झाली की पर्यटन कुणाच्या तरी वाट्याला जोडून दिलं जातं. दर वेळी जोडीदार बदलतो, आणि मागच्या जोडीमुळे जे काही शक्य झालं असतं ते तिथेच संपतं.

सध्याच्या जोडीबद्दल मात्र दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. खनिकर्म आणि पर्यटन एका मंत्र्याकडे, हे सिंधुदुर्गासाठी साधं नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला खाण आहे, दोडामार्गात कळण्याला आहे. कळण्यात 2021 च्या जुलैत खाणीचा बांध फुटून चिखल लोकांच्या घरांत आणि बागायतीत शिरला होता. एकाच जिल्ह्यात एका बाजूला डोंगर फोडायची परवानगी आणि दुसऱ्या बाजूला पर्यटन जिल्ह्याची पाटी, हा तिढा आता एकाच दालनात आला आहे. साहेब, मला यात धोका दिसतो, आणि संधीही दिसते. खाणीच्या प्रत्येक प्रस्तावावर पर्यटन विभागाचं लेखी मत घ्यायची पद्धत तुम्ही घालून दिलीत, तर ती तुमच्यानंतरही उपयोगी पडेल.

मंत्री बदलल्याने आमचं नेमकं काय जातं, ते एका घटनेवरून सांगतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगहून परतणारी होडी उलटली. वीसएक पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. किनाऱ्यावर होते त्यांनी धावाधाव करून बाकीच्यांना काढलं. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाहुणा म्हणजे आपल्या भरवशावर आलेला माणूस, आणि तो गेला ही गोष्ट कुणीही होडीवाला मनातून काढू शकत नाही.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 च्या ऑगस्टमध्ये आलं होतं. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्हींतल्या साहसी उपक्रमांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम हाच त्याचा गाभा. म्हणजे दुर्घटना झाली तेव्हा धोरणाला वर्षही झालं नव्हतं. ते किनाऱ्यावर किती उतरलं, प्रशिक्षण किती जणांना मिळालं, कुठली होडी किती माणसं नेऊ शकते हे कोण तपासणार, हे सगळे प्रश्न त्या घटनेने उघडे केले. त्यांची उत्तरं द्यायची वेळ आली आणि महिनाभरात, जून 2022 च्या अखेरीस, सरकारच गेलं. नव्या सरकारात महिनाभराहून जास्त काळ फक्त मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री होते. पर्यटनाला स्वतंत्र मंत्री मिळाला तो ऑगस्टच्या मध्यावर. तोवर आमचा हंगाम बंद होता, आणि हंगाम सुरू झाला तेव्हा नव्या मंत्र्यांसमोर नवे विषय होते. दोन माणसं गेल्यावर एखाद्या खात्याने काय शिकायचं, ते शिकणं कुणाच्या नावावर राहिलंच नाही. मला या पदाच्या इतिहासातली ही सगळ्यांत दुखरी जागा वाटते.

दुसरी अडचण अधिकाराची. मालवणच्या धक्क्यावर उभं राहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बघा. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधून घेतला. आता खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि रायगडाबरोबर 2025 च्या जुलैत तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. पाहुणे वाढणार हे उघड आहे. पण किल्ला आहे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. किल्ल्यापर्यंत नेणाऱ्या होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडे, ते बंदरे खात्याचं. होडीखालचं पाणी आणि त्यातली प्रवाळं 1987 मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातली, म्हणजे वनखात्याची. वाळूवर काही बांधायचं तर सीआरझेड, म्हणजे पर्यावरण. रस्ता बांधकाम खात्याचा, कचरा नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा. या सगळ्यात पर्यटनमंत्री कुठे आहेत? जाहिरातीत आहेत, महोत्सवात आहेत, धोरणाच्या पुस्तिकेत आहेत. पण होडीवाल्याने नांगर प्रवाळावर टाकू नये म्हणून पाण्यात बोया बसवायच्या, एवढं साधं कामसुद्धा त्यांना एकट्याने करता येत नाही.

हे केवळ मालवणचं नाही. दापोली-गुहागरकडे दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला या फेरीबोटींनी प्रवासाचे कितीतरी तास वाचवले, पर्यटनाला त्यांनी मोठा हात दिला, पण त्या पर्यटन खात्याच्या अखत्यारीत नाहीत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत बारसूचाही समावेश आहे, आणि 2023 मध्ये त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण चाललं होतं, लोक उन्हात आडवे पडले होते. उद्योग खातं बोलत होतं, पोलीस बोलत होते. पर्यटन खात्याने तिथे आपलं मत ठामपणे मांडल्याचं मला आठवत नाही.

आता घोषणांबद्दल. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत 2015-16 साली सिंधुदुर्ग सागरी मंडल मंजूर झालं. शिरोडा, सागरेश्वर, तारकर्ली, विजयदुर्ग, मिठबाव ही ठिकाणं त्यात होती. सुरुवातीचा मंजुरीचा आकडा 82 कोटींच्या घरातला होता, पुढे तो 19 कोटींच्या घरात आला. का कमी झाला, कुठली कामं गळली, याचा हिशोब गावातल्या एकाही माणसाला कुणी समजावून दिलेला नाही. 2020 मध्ये किनाऱ्यांवर शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, उभारायचं धोरण आलं, आठ किनारे निवडले गेले: गुहागर, आरेवारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वरसोली, दिवेआगर, केळवा आणि बोर्डी. तरुण मुलांनी अर्जाची चौकशी सुरू केली होती. नंतर ती चौकशी कुणाकडे करायची हेच कळेनासं झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या निवतीच्या समुद्रात पाणबुडीतून पर्यटन, ही घोषणा 2018 ची. 2023 च्या अखेरीस गुजरातेत द्वारकेच्या पाणबुडीची बातमी आली, आणि आपली पाणबुडी कुठे गेली म्हणून एकदम आरडाओरडा झाला. त्यानंतर आता आयएनएस गुलदार ही 2024 च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका त्याच निवतीच्या पाण्यात बसवून तिच्याभोवती समुद्राखालचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. हा प्रकल्प मला मनापासून आवडतो. जहाजावर प्रवाळ धरेल, मासे येतील, डायव्हिंगचा भार मालवणच्या प्रवाळांवरून थोडा कमी होईल. म्हणूनच भीती वाटते. 2018 ते आजपर्यंत त्या एका निवतीच्या पाण्यावर इतके मंत्री होऊन गेले, की गुलदारचं पालकत्व पाच वर्षांनी कुणाकडे असेल, याचं उत्तर आजच लिहून ठेवलेलं बरं.

चांगलं झालं ते सांगितलं नाही तर पत्र खोटं होईल. 2020 मध्ये आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा मिळाला आणि परवानग्या 70 वरून 10 वर आल्या. त्याच वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं. 2023 मध्ये महिलांसाठी ‘आई’ धोरण आलं, आणि आमच्याकडे पाहुण्यांचं सगळं बायकाच सांभाळत असल्यामुळे त्याचं मोल मोठं आहे. वेगवेगळ्या मंत्र्यांनी वेगवेगळी चांगली कामं केली, हे मान्य. पण या धोरणांचा लाभ घ्यायला एखादी वहिनी तालुक्याला गेली तर एका कार्यालयात सांगतात हे आमच्याकडे नाही, दुसऱ्यात सांगतात ती योजना मागच्या मंत्र्यांची, अजून सूचना आल्या नाहीत. योजना मंत्र्याची कशी असेल? ती सरकारची आहे, शासन निर्णय निघालेला आहे. तरी हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे.

वेळासचं उदाहरण यासाठीच माझ्या मनात सतत असतं. मंडणगड तालुक्यातलं ते लहानसं गाव. 2002 पासून सह्याद्री निसर्गमित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली, गाव बरोबर आलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुणे राहू लागले. मंत्री बदलले, सरकारं बदलली, वेळासची पिल्लं समुद्रात सोडायचं थांबलं नाही. 2020 च्या निसर्ग वादळाने तो सगळा पट्टा झोडपला, तरी लोक परत उभे राहिले. कारण ते काम करणारी माणसं बदलली नाहीत, आणि गेल्या वर्षी काय केलं याची वही त्यांच्याकडे होती.

अशीच वही आम्हाला तुमच्या खात्याची हवी आहे. किनाऱ्याच्या पर्यटनासाठी जाहीर झालेल्या प्रत्येक कामाचं एक जाहीर पत्रक करा. घोषणा कधी झाली, मंजुरी किती, खर्च किती, काम कुठे अडलं, कुठल्या खात्याकडे अडलं आणि जबाबदार अधिकारी कोणत्या पदाचा, एवढं त्यात असावं. ते मराठीत असावं, जिल्ह्याजिल्ह्याने असावं. दर अर्थसंकल्पी अधिवेशनात ते विधिमंडळासमोर ठेवा. आणि खातं एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे जाईल तेव्हा जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने, दोघांनी त्यावर सही करावी. नव्या मंत्र्याला एखादा प्रकल्प नको असेल तर त्याने तो रद्द जरूर करावा, पण कारण लिहून. आम्ही रद्द झालेलं सोसू. वाट बघत राहणं मात्र सोसवत नाही, कारण घोषणेच्या भरवशावर इथे माणसं कर्ज काढून खोल्या बांधतात.

अधिकाराच्या प्रश्नावर तुमच्या अध्यक्षतेखाली किनाऱ्याची एक कायमची समिती हवी. बंदरे, वन, पर्यावरण, पुरातत्त्व, बांधकाम, मत्स्यव्यवसाय यांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी तीत असावेत. सोबत होडीवाले, रापणकर, घरगुती निवासवाले आणि ग्रामपंचायती यांची माणसंही असावीत. रापणकरांचं नाव मी मुद्दाम घेतो. पर्यटनाची होडी आणि मासेमारीची जाळी एकाच पाण्यात असतात, आणि त्यांच्यातली भांडणं मिटवायला आज कुणीच नसतं. दिवाळीचा हंगाम सुरू होण्याआधी समितीची बैठक व्हावी, इतिवृत्त लोकांना मिळावं.

सुरक्षेचं काम मात्र समितीसाठी थांबवू नका. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात आमच्याकडे जलक्रीडा बंद असतात. होड्या वर ओढलेल्या असतात, मुलं मोकळी असतात. तारकर्लीला महामंडळाचीच स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकवणारी माणसं आहेत, तलाव आहे. याच तीन महिन्यांत प्रत्येक होडीची तपासणी, प्रत्येक तांडेल (होडी चालवणारा) आणि गाइडचं जीवरक्षक प्रशिक्षण, आणि ते पार पडल्याशिवाय सप्टेंबरात परवान्याचं नूतनीकरण नाही, असा नियम करता येईल. प्रशिक्षण तुमच्या हातात आहे, परवान्यासाठी बंदरे मंत्र्यांशी एकदा बसावं लागेल. गरीब होडीवाल्याला फी परवडणार नाही, ती खात्याने भरावी. जॅकेटं चांगल्या दर्जाची एकगठ्ठा घेऊन द्यावीत. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात एक लाख कोटींच्या गुंतवणुकीची अपेक्षा लिहिली आहे, त्यापुढे हा खर्च अगदीच थोडा आहे.

पहिलं पत्रक येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ठेवावं, ही विनंती. सुरुवातीच्या तीन नोंदी कोणत्या असाव्यात तेही सांगतो: 24 मे 2022 च्या दुर्घटनेनंतर ठरलेल्या आणि झालेल्या सुधारणा, सिंधुदुर्ग सागरी मंडलाचा सुरुवातीपासूनचा हिशोब, आणि निवतीच्या गुलदार प्रकल्पाची आजची स्थिती व पुढच्या देखभालीची जबाबदारी. पत्रकाची एक प्रत किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. काही माहिती आमच्याकडून हवी असेल तर तालुक्याला बैठक लावा, होडीवाले आणि घरगुती निवासवाले आपापले कागद घेऊन येतील.

आपला,
मालवण किनाऱ्यावरचा एक न्याहारी-निवास चालक